मिलान ते पाविया: संत अ‍ॅम्ब्रोज आणि संत ऑगस्टीन यांच्या मागावर

चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम रोमन साम्राज्याचा दरबार रोममध्ये नव्हता, मिलानमध्ये होता. त्यामुळेच आफ्रिकेतल्या तागास्ते गावचा, तीस वर्षांचा एक महत्त्वाकांक्षी शिक्षक ३८४ मध्ये वक्तृत्वशास्त्राचा सरकारी अध्यापक म्हणून या शहरात दाखल झाला. त्याची शिफारस करणारा रोमचा अधिकारी सिम्माकस जुन्या देवतांचा उपासक होता. रोमच्या सिनेटमध्ये विजयदेवतेची वेदी पुन्हा बसवावी, अशी मागणी त्याने त्याच वर्षी केली होती आणि मिलानचे बिशप अ‍ॅम्ब्रोज यांनी ती हाणून पाडली होती. अ‍ॅम्ब्रोज यांचा पराभूत प्रतिस्पर्धी ज्याला मिलानला पाठवतो, तोच पुढे अ‍ॅम्ब्रोज यांच्या हातून बाप्तिस्मा घेतो आणि संत ऑगस्टीन होतो. मिलान आणि पाविया येथे केलेला हा प्रवास या दोघांच्या खुणा पाहण्यासाठी होता. जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी ऑगस्टीन यांच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाची निदान पाच ते नऊ ही प्रकरणे वाचावीत, असे मी आग्रहाने सुचवेन, कारण त्यांच्याविना इथल्या बऱ्याच जागा केवळ दगडमाती वाटतात.

आरंभ मिलानच्या कॅथेड्रलच्या तळघरापासून करावा. दुओमो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चर्चच्या मुख्य दाराच्या आतल्या बाजूने जिना खाली उतरतो आणि आपण चौथ्या शतकातल्या बाप्तिस्मागृहाच्या अवशेषांपाशी पोहोचतो. बहुतेक पर्यटक छतावरच्या शिखरांकडे धावत असल्याने खाली वर्दळ कमी असते. तिकिटांचे प्रकार अनेक आहेत, म्हणून खरेदी करताना पुरातत्त्वीय भाग त्यात समाविष्ट आहे की नाही, हे वाचून घ्यावे. केवळ छताचे तिकीट काढणाऱ्यांना इथे येता येईलच असे नाही. सुरक्षा तपासणीची रांग लांब असते, त्यामुळे सकाळी दार उघडण्याच्या सुमारास पोहोचणे श्रेयस्कर.

मधोमध अष्टकोनी कुंड आहे. प्राचीन ख्रिस्ती लेखनात आठ हा आकडा पुनरुत्थानाचा मानला जातो, कारण आठवड्याचे सात दिवस संपल्यावर येणारा रविवार हा आठवाही आणि पहिलाही. २४ आणि २५ एप्रिल ३८७ यांमधल्या ईस्टरच्या रात्री ऑगस्टीन, त्यांचा मुलगा आदेओदातुस आणि मित्र आलिपियुस यांचा बाप्तिस्मा या ठिकाणी झाला. त्या रात्री काय काय घडत असे, हे अ‍ॅम्ब्रोज यांच्या संस्कारांवरील प्रवचनांतून बरेच तपशिलात कळते: आधी कान आणि नाकपुड्या यांना स्पर्श, मग सैतानाचा त्याग, त्यानंतर पूर्वेकडे वळून उभे राहणे, पाण्यात तीनदा बुडणे आणि बाहेर आल्यावर बिशपांकडून पाय धुऊन घेणे. हा पाय धुण्याचा विधी रोममध्ये नव्हता. रोमविषयी पूर्ण आदर राखूनही आम्हालाही बुद्धी आहे, अशा अर्थाचे जे उत्तर अ‍ॅम्ब्रोज यांनी त्यावर दिले आहे, ते वाचताना हा मनुष्य मुळात प्रांताधिकारी होता, हे विसरता येत नाही. ३७४ मध्ये बिशपपदाच्या वादात शांतता राखायला आलेल्या या अधिकाऱ्यालाच लोकांनी बिशप केले, तेव्हा त्याचा स्वतःचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. प्रवासातील या एका जागेसाठी भरपूर वेळ राखून ठेवावा. छत राहिले तरी चालेल.

दुसरे ठिकाण संत अ‍ॅम्ब्रोज यांचे बॅसिलिका. भुयारी रेल्वेच्या हिरव्या मार्गावर ‘सांत आंब्रोज्यो’ याच नावाचे स्थानक आहे आणि तिथून चर्च अगदी जवळ. आजची इमारत मुख्यतः अकराव्या-बाराव्या शतकांतली आहे, तेव्हा ऑगस्टीन याच भिंतींमध्ये बसून प्रवचने ऐकत होते, अशी समजूत करून घेऊ नये. जागा मात्र तीच: अ‍ॅम्ब्रोज यांनी ३८६ मध्ये इथे बॅसिलिका प्रतिष्ठित केले, त्याच वर्षी सापडलेल्या गेर्वासियुस आणि प्रोतासियुस या हुतात्म्यांच्या अस्थी वेदीखाली ठेवल्या आणि तिथेच स्वतःसाठीही जागा राखली. ४ एप्रिल ३९७ रोजी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, त्यांचे निधन झाले. आज वेदीखालच्या भुयारात काचेच्या पेटीत तिन्ही सांगाडे शेजारी शेजारी आहेत, मधल्या सांगाड्यावर बिशपांची वस्त्रे आहेत. हे दर्शन सर्वांना रुचेलच असे नाही. लहान मुले बरोबर असतील तर आधी सांगून ठेवावे.

मला त्या भुयारापेक्षा उजव्या बाजूचे सान व्हित्तोरे हे छोटे प्रार्थनागृह अधिक मोलाचे वाटले. त्याला वेगळे तिकीट लागते आणि म्हणूनच बहुधा बरेच लोक ते टाळतात. पाचव्या शतकातील मोझाइकमध्ये इथे अ‍ॅम्ब्रोज यांची उभी आकृती आहे: कृश चेहरा, आखूड दाढी, डोक्यामागे तेजोवलय नाही. मृत्यूनंतर थोड्याच काळात घडवलेली असल्याने ती खऱ्या चेहऱ्याच्या जवळ जाणारी असावी, असे मानले जाते. सम्राट थिओडोसियसला चर्चच्या दारात अडवणारे करारी बिशप पुढच्या चित्रकारांनी रंगवले. प्रत्यक्षात ३९० मध्ये सम्राटाच्या सैनिकांनी थेस्सलोनिकातल्या नागरिकांची कत्तल केल्यानंतर अ‍ॅम्ब्रोज यांनी सम्राटाला खासगी पत्र लिहून प्रायश्चित्त मागितले होते, आणि मोझाइकमधला हा थकलेला, सावध चेहरा त्या पत्रलेखकाला अधिक शोभतो.

गुरूने हाताला धरून शिष्याला मार्गावर आणले, असे चित्र घेऊन इथे येणाऱ्यांची ‘कन्फेशन्स’ निराशा करील, आणि ते बरेच आहे. ऑगस्टीन स्पष्ट लिहितात की अ‍ॅम्ब्रोज यांच्याशी मनासारखे बोलणे त्यांना कधी जमलेच नाही. बिशपांचे दार सर्वांना उघडे असे; आत गेल्यावर ते मनातल्या मनात वाचत बसलेले दिसत, डोळे पानावरून फिरत, आवाज आणि जीभ मात्र स्तब्ध; आणि व्यत्यय नको म्हणून आलेला मनुष्य काही वेळ बसून परत फिरत असे. प्रभाव पडला तो गर्दीत उभे राहून ऐकलेल्या प्रवचनांचा आणि सामुदायिक गायनाचा. सम्राटाची आई युस्तिना हिने ३८६ मध्ये आरियन पंथीयांसाठी (ख्रिस्ताला पित्याच्या बरोबरीचा देव न मानणाऱ्यांसाठी) एक चर्च मागितले, तेव्हा लोक चर्चमध्ये ठाण मांडून बसले आणि त्यांचा धीर टिकावा म्हणून पूर्वेकडील रीतीने स्तोत्रे गाण्याची प्रथा मिलानमध्ये सुरू झाली. त्या गर्दीत ऑगस्टीन यांची आई मोनिका होती. आफ्रिकेतल्या रिवाजाप्रमाणे हुतात्म्यांच्या थडग्यांवर नैवेद्यासारखे लापशी, पाव आणि मद्य नेणाऱ्या या बाईंनी, अ‍ॅम्ब्रोज यांची त्याला मनाई आहे एवढे कळताच, ते निमूटपणे बंद केले. ज्या बागेत ‘घे आणि वाच’ हे शब्द ऑगस्टीन यांच्या कानी पडले आणि त्यांचे मतपरिवर्तन झाले, तिची जागा आज निश्चित सांगता येत नाही, त्यामुळे तिच्या शोधात वेळ घालवू नये.

पावियासाठी मिलानहून वारंवार गाड्या आहेत. जलद गाडीने सुमारे अर्धा तास लागतो, उपनगरी एस-१३ ला थोडा अधिक. छापील प्रादेशिक तिकीट असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यावा, नाहीतर दंड होतो. वाटेत चेर्तोसाचा प्रसिद्ध मठ लागतो, परंतु तो सोमवारी बंद असतो, आणि मठ व पाविया एकाच दिवसात उरकण्यात दोन्हींवर अन्याय होतो.

सान पिएत्रो इन चेल दोरो हे लाल विटांचे चर्च पाविया स्थानकापासून पायी जाण्याजोगे आहे. दुपारी ते काही तास बंद असते, म्हणून सकाळीच पोहोचावे. ऑगस्टीन यांचा मृत्यू २८ ऑगस्ट ४३० रोजी, व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला, म्हणजे ते बिशप असलेल्या आफ्रिकेतल्या शहराला, वेढा दिला असताना झाला. अस्थी पुढे सार्डिनिया बेटावर गेल्या आणि तिथून आठव्या शतकाच्या पूर्वार्धात लोंबार्ड राजा लिउत्प्रांद याने त्या पावियाला आणल्या. आज त्या मुख्य वेदीमागच्या संगमरवरी स्मारकात आहेत. १३६२ हे साल असलेल्या या स्मारकावर नव्वदहून अधिक लहानमोठ्या मूर्ती आणि ऑगस्टीन यांच्या आयुष्यातील प्रसंगांचे उत्थित शिल्पपट आहेत. प्रवचन ऐकणारे ऑगस्टीन आणि बाप्तिस्मा हे प्रसंग शोधून पाहावेत. छोटी दुर्बीण असेल तर उपयोगी पडते, कारण वरचे तपशील नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत. तळघरात बोएथियस या तत्त्वज्ञाचे थडगे आहे. इटालियन कवी दान्ते यांनी ‘पारादिसो’ या काव्याच्या दहाव्या सर्गात त्याच्यासंदर्भात याच चर्चचे नाव घेतले आहे. चर्चची देखभाल ऑगस्टिनियन संघाकडे आहे. याच संघाचे धर्मगुरू १५७२ मध्ये गोव्यात पोहोचले होते आणि जुन्या गोव्यातला उंच, अर्धा ढासळलेला ऑगस्टीन मनोरा त्यांच्याच चर्चचा आहे.

तिन्ही ठिकाणी खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे हवेत आणि प्रार्थना चालू असताना फिरणे थांबवावे. ऑगस्टमध्ये मिलानमधली बरीच दुकाने आणि खाणावळी बंद असतात. ७ डिसेंबरला संत अ‍ॅम्ब्रोज यांचा सण म्हणजे शहराची सुट्टी आणि मोठी गर्दी असते. मला एप्रिल किंवा ऑक्टोबर योग्य वाटतो. पुढे रोमला जाणार असाल तर नवोना चौकाजवळच्या सांत आगोस्तिनो चर्चमध्ये जावे: ३८७ मध्ये आफ्रिकेला परतताना ओस्तिया बंदरात वारलेल्या मोनिका यांच्या अस्थी १४३० मध्ये रोमला आणल्या गेल्या आणि आज त्या तिथे आहेत. लोक तिथे कारावाज्जोचे चित्र पाहून परततात. मोनिकांचे प्रार्थनागृह वेदीच्या डाव्या बाजूला आहे.