रहाटगाडग्यात मराठी

आज औशाच्या शेतातल्या मोटारीच्या नोंदींसाठी गोल बफर (रहाटगाडग्यासारखी फिरून फिरून वापरायची साठवणीची जागा) लिहिला. आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाची रॅम जेमतेम 2048 बाइट, त्यातले 256 दिले. इंडेक्स, म्हणजे खान्याचा क्रमांक, 8 बिटांचा, 255 नंतर आपोआप 0 वर येतो. भरला की जुनं पुसून तिथंच नवं. एक खाना मुद्दाम रिकामा सोडलाय, नाहीतर हेड (नवं लिहायची जागा) आणि टेल (सगळ्यात जुन्या नोंदीची जागा) एकत्र आल्यावर बफर भरलाय का रिकामा, कळणार कसं?

खरी मजा देवनागरीची. 'लाईट गेली' एवढ्यालाच यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत 25 बाइट, देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन! (आणि लाईट जाते किती वेळा, ते विचारू नका.) जुनं पुसताना अक्षर मधेच कापलं जातं, स्क्रीनवर नुसता कचरा. म्हणून टेल थेट पुढच्या ओळीपर्यंत सरकवतो. अर्ध्या नोंदीपेक्षा आख्खी गेलेली परवडली.

धाकटा म्हणतो, "इंग्रजीत लिही की सरळ." लिहिलं असतं. पण वाचणार अण्णा आहेत.