बिस्किटांच्या डब्यातल्या गोळ्या

भाताची लावणी सुरू झाली की आमच्या कॉलेजची मुलं वाड्यांवर सर्व्हेला जातात. यंदा कुडाळ तालुका, विषय लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. उंदराच्या मुतातले जंतू चिखलातून पायाच्या चिरांवाटे आत शिरतात, म्हणून शेतात उतरणाऱ्यांना आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन देतात, २०० मिलीग्रॅम, म्हणजे शंभराच्या दोन गोळ्या. फॉर्मवरचा प्रश्न माझाच: 'या आठवड्याच्या गोळ्या घेतल्या का?' दुपारपर्यंत घरटी 'हो'. मुलं खूश, मी धास्तावलेला.

शेवटच्या घरी काकींनीही 'हो' सांगितलं. मग त्यांचं लक्ष आमच्या विद्यार्थ्याच्या पायांकडे गेलं. बूट हातात घेऊन कुणग्यांतून, म्हणजे भाताच्या खाचरांतून आलेला, टाचेवरचा फोड फुटलेला. त्या आत गेल्या आणि बिस्किटांचा डबा घेऊन आल्या.

"अनवाणी ईलस मां? ह्यो गोळ्यो खा. पण आधी पोटात कायतरी घाल, नायतर मळमळतला."

डब्यात कित्येक आठवड्यांच्या गोळ्या. पोरगा माझ्याकडे बघत राहिला.

"काकी, तुम्ही नाही घेतल्यात?"

"पयल्या घेतलंय, उपाशीपोटी. तरवो लावताना वाकलंय तर ओकाक ईला."

"मग आशाताईला सांगायचं ना."

"ता चेडू आमच्याच वाडीतला. तेका वहीत लिवूचा लागता. नाय कशाक म्हणू?"

मी वर्गात हेल्थ बिलीफ मॉडेल शिकवतो, म्हणजे माणसं आरोग्याचा सल्ला का पाळतात किंवा टाळतात याची मांडणी. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्षयाच्या फुकट तपासणीला लोक का येत नाहीत, या कोड्यातून निघालेलं. त्यात धोक्याची जाणीव असते, तसेच अडथळेही असतात. काकींना धोका माझ्या विद्यार्थ्यापेक्षा चांगला कळत होता. तरी आम्ही सगळे 'जनजागृती' करत सुटतो, कारण अडथळे विचारायला ओट्यावर तासभर टेकावं लागतं.

इथला अडथळा तर एवढासा. गोळ्या सकाळी वाटतात, माणसं नुसत्या कोऱ्या चहावर शेतात जातात, पेज बांधावर येते दहाला. पेजेनंतर तांब्याभर पाण्यासोबत घ्यायला सांगितलं तर निम्मी तक्रार मिटेल. हे मी वर कळवलं. उत्तर आलं: "टक्केवारी तर उत्तम आहे, सर."

परतताना विद्यार्थ्याने विचारलं, "सर, काकींचं 'हो' खोडू?" खोडलं तर विश्वासाने दाखवलेला डबा त्या आशाताईच्या अंगाशी यायचा. नाही खोडलं तर मीच उद्या त्या 'हो'ची टक्केवारी काढणार. फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'डबा' एवढंच लिहिलंय. आणि बाकीच्या घरांत डबे किती, ते विचारायचं राहूनच गेलं.