“पाय वर करतेस का?”

सोमवार हा आमच्या वर्गातला सगळ्यात ओला दिवस. दोन दिवस घरच्यांच्या अंगाखांद्यावर काढून आलेली दीड-दोन वर्षांची मुलं दारातच पाय रोवून उभी राहतात. मग एकाचं बघून दुसरं, दुसऱ्याचं बघून तिसरं अशी रडारड सुरू होते. या सोमवारी एक आई, मुलगा ठोकळ्यांत रमलाय असं बघून, हळूच निघायला लागली. मी तिला थांबवलं. “त्याला सांगून जा. रडला तरी चालेल, मी आहे.” ती सांगून गेली, आणि तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ रडला.

न सांगता गेलं म्हणून मुलाचं रडं वाचत नाही, ते फक्त लांबतं. नंतर ते मूल खेळता खेळता सारखं दाराकडे बघत राहतं, कारण आई कधी नाहीशी होईल याचा त्याला नेमच उरत नाही. या वयात घड्याळ कळत नाही, पण कशानंतर काय हे पक्कं कळतं. म्हणून आम्ही ‘पाच वाजता’ असं सांगत नाही. “आधी जेवण, मग झोप, मग बाहेर खेळायचं, मग आई,” असं सांगतो. दुपारी उठल्या उठल्या तो म्हणाला, “झोप झाली. आई.” मी म्हटलं, “बाहेर खेळायचं राहिलंय ना अजून?” त्यावर तो उठला आणि स्वतःचे बूट शोधायला गेला.

मंगळवार गळक्या नाकांचा. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. हात धुवा, नाक पुसा, पुन्हा हात धुवा.

बुधवारी एकीने दुसरीच्या दंडाला कडकडून चावा घेतला. अशा वेळी आधी जिला लागलंय तिच्याकडे जायचं: जागा धुवायची, गार ओलं फडकं ठेवायचं, तिला जवळ घ्यायचं. मग जी चावली तिच्यासमोर गुडघ्यावर बसून मोजकंच बोलायचं. “चावायचं नाही. तिला दुखतं.” लांबलचक समज या वयात पोचत नाही. कोण चावलं हे आम्ही दुसऱ्या पालकांना सांगत नाही. ते एका लहान मुलीच्या नावावर चिकटून राहतं आणि मग मोठी माणसं तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात. मला ते अजिबात सहन होत नाही. दोन वर्षांचं मूल चावतं तेव्हा ते दुष्ट नसतं. मागच्या दाढा येत असतात, हवे ते शब्द अजून तोंडात आलेले नसतात, किंवा कोणीतरी फार जवळ येऊन उभं असतं.

आमच्या नोंदवहीत मागची पानं चाळली तेव्हा दिसलं की बहुतेक चावे जेवणाआधी, हात धुण्याच्या बेसिनपाशी झालेत. भुकेली मुलं, अरुंद जागा आणि वाट बघणं. मग गुरुवारपासून सगळ्यांची रांग बंद केली. दोघं-तिघं हात धुवायला, बाकीचे दुसऱ्या ताईजवळ गाणी म्हणत. गुरुवार-शुक्रवार बेसिनपाशी कोणी कोणाला चावलं नाही.

‘वाटून घे’ असंही आम्ही फार म्हणत नाही. मिल्ड्रेड पार्टेन या संशोधक बाईंनी १९३२ साली मुलांच्या खेळाबद्दल लिहिलं, त्यात शेजारी-शेजारी बसून आपापलं खेळण्याची एक पायरी आहे. आमचा वर्ग बहुतेक वेळ त्याच पायरीवर असतो. म्हणून लाल ट्रक एकसारखे दोन ठेवलेत, आणि वाक्य ठेवलंय, “तुझं झालं की त्याला दे.” बऱ्याचदा मूल खरंच देतं, पण त्याचं झाल्यावरच.

मला मात्र या आठवड्यातलं सगळ्यात मोठं काम विचाराल तर ते डायपर बदलण्याच्या टेबलावर झालं. एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४६ पासून बुडापेस्टमध्ये लहान बाळांसाठी अनाथगृह चालवलं. अंघोळ, कपडे, लंगोट या गोष्टी घाईने उरकायच्या नाहीत, बाळाला सांगून, त्याला सोबत घेऊन करायच्या, हा त्यांचा आग्रह होता. मी तेच धरून चाललेय. आमच्याकडे एक छोटी आहे, तिला टेबलावर ठेवलं की अंग ताठ करायची, लाथा झाडायची. तिला धरून पटकन उरकणं सोपं होतं. त्याऐवजी रोज तेच: हात पुढे करून थांबायचं, “आता तुझा डायपर बदलूया,” मग “ओलं फडकं येतंय, गार लागेल,” मग “पाय वर करतेस का?” आणि पुन्हा थांबायचं. गुरुवारी तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पाय वर केले. शुक्रवारी मी विचारायच्या आधीच केले, आणि स्वतःच म्हणाली, “गार!”

पालक संध्याकाळी विचारतात, आज काय शिकवलंत? रंग, आकडे सांगितले की त्यांना बरं वाटतं. मी हल्ली हे टेबलावरचं सांगते. स्वतःच्या अंगाला कोणी हात लावण्याआधी विचारतं, आणि आपण काय म्हणतो त्याची वाट बघतं, हे तिने या वयात शिकावं असं मला फार मनापासून वाटतं.

आणि ही मुलं मदतीला किती उत्सुक असतात! वार्नेकेन आणि टोमासेलो या संशोधकांनी २००६ साली दाखवलं होतं की मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडली आणि त्याचा हात पोचत नसला, तर दीड वर्षाचं मूल ती उचलून देतं, बक्षिसाशिवाय. शुक्रवारी झोपेच्या वेळी एक जण रडत होता. दुसरा उठला, पांघरुणांच्या ढिगातून नेमकं त्या रडणाऱ्याचंच पांघरूण ओढून काढलं आणि त्याच्या पोटावर टाकलं. कोणाचं कुठलं पांघरूण हे मोठ्यांनाही नाव वाचूनच कळतं.

आता पालकांना एक विनंती. सोमवारी सोडायला याल तेव्हा एवढं सांगा: रात्री झोप कशी झाली, नवा दात येतोय का, घरात कोणी आलं-गेलं का. डब्याच्या पिशवीवर चिठ्ठी चिकटवली तरी चालेल. सकाळी वर्गात कोणाला आधी कडेवर घ्यायचं, हे मला त्यावरून ठरवता येतं.