हुजूर पक्ष आणि प्रभागातली माणसे

मराठी वर्तमानपत्रांनी ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नाव 'हुजूर पक्ष' असे रूढ केले, त्यामुळे माझ्या मनातही तो उमरावांचा आणि जमीनदारांचाच पक्ष होता. इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर मात्र तो मला प्रथम भेटला तो पावसात भिजत दारोदार पत्रके वाटणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेच्या रूपात. रस्त्यावरचे खड्डे, वाचनालयाच्या वेळा आणि गावाबाहेरच्या शेतात होऊ घातलेली घरे यांखेरीज त्या दुसऱ्या कशावरही बोलल्या नाहीत. भारतीय पासपोर्ट असला तरी राष्ट्रकुलाची नागरिक म्हणून मला इथे मत देता येते, हेही मला त्यांनीच सांगितले. पुढे मीही त्यांच्याबरोबर पत्रके वाटू लागले.

या पक्षाची खरी ताकद अशाच माणसांत होती. १८८३ साली निवडणूक खर्चावर कायद्याने मर्यादा आली आणि पैसे देऊन प्रचारक नेमणे अवघड झाले. त्याच वर्षी पक्षाच्या पाठीराख्यांनी स्थापन केलेल्या प्रिमरोझ लीग या संघटनेने गावोगावी चहापान, मेळावे आणि घरोघरच्या भेटींतून स्वयंसेवकांची फळी उभी केली, आणि ज्यांना संसदेसाठी मतदानाचा हक्कच नव्हता अशा हजारो स्त्रियांनी त्यातले बरेचसे काम अंगावर घेतले. मुंबईत जन्मलेले मंचरजी भावनगरी १८९५ साली लंडनच्या बेथनल ग्रीनमधून याच पक्षाचे खासदार झाले, ही गोष्ट आपल्याकडे दादाभाईंच्या मानाने फारच कमी सांगितली जाते. १९५३ च्या सुमारास पक्षाची सभासदसंख्या २८ लाखांच्या घरात होती. २०२४ मध्ये नेता निवडण्यासाठी मतदानास पात्र असलेले सभासद १,३१,६८० होते.

ही घसरण केवळ काळाच्या ओघात झाली, असे मला वाटत नाही. परंपरा जपणे म्हणजे माझ्या समजुतीने आधी आपले गाव, आपले वाचनालय, आपले कौन्सिल म्हणजे निवडून आलेली स्थानिक संस्था जपणे, आणि तिथले निर्णय तिथल्याच माणसांवर सोपवणे. मार्गारेट थॅचर यांचे वडील ग्रँथममध्ये किराणा दुकान चालवत, अनेक वर्षे नगरपरिषदेवर होते आणि महापौरही झाले. त्या घरात वाढलेल्या पंतप्रधानांच्याच सरकारने १९८४ च्या कायद्याने कौन्सिलांच्या करआकारणीवर मर्यादा घालण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला आणि नंतर पोल टॅक्स, म्हणजे दर प्रौढ माणशी आकारला जाणारा स्थानिक कर, लादला, याचे मला आजही दुःख होते. काही कौन्सिले उधळपट्टी करत होती, हे मान्य. पण त्यांना जाब विचारणे हे तिथल्या मतदारांचे काम होते.

हिशेब चोख ठेवणे हेही याच विचाराचे मूल्य आहे, आणि तिथेही आपल्याच लोकांनी मान खाली घालायला लावली. नॉर्थहॅम्प्टनशायरच्या कौंटी (जिल्हा) कौन्सिलवर हुजूर पक्षाची सत्ता होती. तिथे कौन्सिल टॅक्स वर्षानुवर्षे गोठवून ठेवला, सुमारे ५ कोटी ३० लाख पौंडांचे नवे मुख्यालय २०१७ मध्ये सुरू केले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नवा खर्च थांबवणारी कलम ११४ ची नोटीस काढण्याची वेळ आली. ते कौन्सिल २०२१ मध्ये बरखास्त झाले. कर न वाढवणे म्हणजे काटकसर, हा समज किती महागात पडतो हे त्या कौंटीतल्या वाचनालयांना आणि वृद्धांच्या सेवांना सोसावे लागले.

मे २०२५ मध्ये केंटसारख्या कौंटीत पक्षाची १९९७ पासूनची सत्ता गेली; ८१ पैकी ५ जागा उरल्या आणि रिफॉर्म यूके या प्रतिस्पर्धी पक्षाला ५७ मिळाल्या. पराभवानंतर सगळी चर्चा लंडनमधल्या नेतृत्वाभोवतीच फिरत राहिली. आमच्या प्रभागात मात्र पत्रके वाटायला आता आम्ही तिघीच उरलो आहोत, त्यातल्या दोघी सत्तरीच्या पुढच्या. शाखेच्या पुढच्या सभेत मी दोनच मागण्या मांडणार आहे: उमेदवार त्याच प्रभागात राहणारा असावा, आणि कौन्सिलचे अंदाजपत्रक मतदानापूर्वी त्याने लोकांसमोर बसून, आकड्यांसह समजावून सांगावे.