सप्टेंबरात सुरू होणारा नाताळ

दुबईत सप्टेंबर म्हणजे अजून अंगाची लाहीलाही. बाहेर पारा चाळिशीला, आणि १ तारखेला सकाळी आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनवरून नाताळची गाणी सुरू होतात. नवा आलेला माणूस दचकतो. फिलिपिनो मंडळींना त्यात काही वावगं वाटत नाही. ज्या महिन्याच्या नावाच्या शेवटी ‘बर’ आहे तो नाताळचा, असा त्यांचा सरळ हिशेब. हा सण आवरता घेतात तो थेट जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, बाळ येशूच्या म्हणजे सांतो निन्योच्या उत्सवाला. आपला गणपती ते दिवाळी हा हंगाम त्यापुढे किरकोळ म्हणायचा.

रिसेप्शनवर ज्या बसतात त्या फिलिपिन्समधल्या बोहोल बेटावरच्या. वयाने मोठ्या बाईला त्यांच्यात ‘आते’ म्हणतात, म्हणून केरळी ड्रायव्हरपासून मॅनेजरसाहेबांपर्यंत सगळे त्यांना आतेच म्हणतात. त्यांचा मुलगा लहान असताना त्या इकडे आल्या. आता तो कॉलेजात आहे आणि त्याची फी, घराचं छप्पर, आईची औषधं, भाच्यांचे बूट हे सगळं इथल्या पगारातून निघतं. राहतात दुबईतल्या सतवा वस्तीत, एका खोलीत चौघी, दोन मजली पलंग, प्रत्येकीच्या पलंगाला पडदा. पडद्याच्या आतलं ते आपलं घर.

या पलंगाखाली वर्षातले कित्येक महिने एक पुठ्ठ्याचा खोका उघडा असतो. (खोका म्हटलं की हल्ली आपल्याकडे भलतंच आठवतं, ते जाऊ द्या.) बालिकबायन बॉक्स म्हणतात त्याला. परतून येणाऱ्या माणसाचा खोका, पण माणूस बहुतेक वेळा येतच नाही, खोकाच येतो. सुपरमार्केटात ऑफर लागली की त्यात भर पडते. साबण, टूथपेस्ट, दूध पावडरचे डबे, कॉर्न्ड बीफ, चॉकलेटं, टॉवेल, बॉडी लोशन. बोटीने जातो, महिना-दीड महिना सहज लागतो, म्हणून नाताळला पोचायचा तर ऑक्टोबर अर्धा व्हायच्या आत कार्गोवाल्याच्या हवाली करावा लागतो. भाडं वजनावर नसतं, आकारावर असतं. त्यामुळे तो भरायचा कसा, याचं एक शास्त्रच झालंय.

ते मी त्यांच्या खोलीवर जाऊन पाहिलंय. तळाला डबे, त्यावर टॉवेल. प्रत्येक बुटात एक मोज्यांची जोडी, मोज्यात चॉकलेटं. पातेल्यात कॉफीची पाकिटं, पाकिटांच्या मधल्या फटीत साबणाच्या वड्या. बोट शिरेल एवढीही जागा राहिली तर आते बेचैन होतात. हवा पाठवायला का पैसे भरलेत, असं म्हणतात. प्रत्येकाच्या वस्तूंची वेगळी पिशवी, त्यावर मार्करने नाव. बुटांचं माप घ्यायला भाच्याने वहीच्या कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने रेघ ओढलेली असते, आणि त्या कागदाचा फोटो आतेंच्या मोबाइलवर. शेवटी एक जण खोक्यावर बसते आणि बाकीच्या चिकटपट्टी फिरवतात.

त्याच सुमाराला माझ्याकडेही एक पार्सल येतं. डोंबिवलीहून आईने पाठवलेला फराळ. चकल्यांचा निम्मा चुरा झालेला, पण करंज्या शाबूत. आतेंना मी तो देते तेव्हा त्या चवीने खातात आणि दर वर्षी एकच प्रश्न विचारतात, ‘तुझी आई तुला पाठवते?’ आमच्याकडे परदेशी गेलेल्या लेकराच्या तोंडात घरचा घास पडावा म्हणून आई जिवाचा आटापिटा करते. त्यांच्याकडे परदेशी गेलेली आई घरच्यांचं ताट मांडते. सण तोच, फक्त खोका उलट्या दिशेने निघतो. माझ्या आईला माझ्या पैशांची गरज नाही, हे माझं नशीब. ते फराळ चघळताना माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

बरं, हा सगळा मामला फक्त प्रेमाचा नाही, फिलिपिन्सच्या सरकारनेही त्याची नीट व्यवस्था लावलेली आहे. १९७४ च्या कामगार कायद्यानंतर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या राजवटीने माणसं परदेशी पाठवणं हे धोरणच करून टाकलं. तेव्हा तात्पुरतं वाटलेलं हे धोरण पन्नास वर्षांनंतरही चालू आहे. वर्षभरात मिळून दीड लाख पेसोंपर्यंतच्या खोक्यांवर जकात नाही, ही सवलत वर्षातून जास्तीत जास्त तीनदा. २०२४ मध्ये परदेशातल्या फिलिपिनोंनी बँकांमार्फत घरी पाठवलेली रक्कम ३४ अब्ज डॉलरच्या वर गेली, आणि वर्षाचा सगळ्यात भरघोस महिना साधारण डिसेंबर. या लोकांना तिथे ‘नवे वीर’ म्हणायची पद्धत आहे. मला ती पदवी फार स्वस्तातली वाटते. वीर म्हटलं की त्याने तक्रार करायची नसते, ही सोय त्यात आहेच.

तिकडे कायद्याने खासगी नोकरीतल्या सामान्य कर्मचाऱ्याला २४ डिसेंबरपर्यंत तेराव्या महिन्याचा पगार मिळतो. १९७५ चा हुकूम आहे. इकडे आतेंना तसं काही नाही, पण तिकडच्यांच्या अपेक्षा तेराव्या महिन्याच्याच. त्यातून त्या निनांग, म्हणजे धर्ममाता, किती पोरांच्या आहेत ते त्यांनाही सांगता येत नाही. बारशाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी परदेशातल्या नातेवाइकाला धर्ममाता करायला सगळेच उत्सुक. नाताळ आला की ती सगळी पोरं आशीर्वाद मागतात आणि आशीर्वादाबरोबर पाकीटही. डिसेंबरात निनांग लोक लपून बसतात, असे विनोद फिलिपिनोंच्या फोनवर फिरत असतात. आतेही मला ते दाखवून हसतात, आणि दुपारच्या सुट्टीत घरी पैसे पाठवायच्या एक्सचेंजच्या रांगेत जाऊन उभ्या राहतात.

डिसेंबर लागला की सतव्यातल्या बाल्कन्यांत पारोल लागतात. बांबूच्या काड्या, वर कागद, पाच टोकांची चांदणी, खाली दोन शेपट्या. आपला आकाशकंदीलच, फक्त महिनाभर उशिरा आलेला. श्रीमंती पारोल शिंपल्यांचे असतात. तेच पातळ, दुधी शिंपले गोव्याच्या जुन्या घरांत खिडक्यांना काचेच्या जागी बसवलेले आहेत.

१६ तारखेपासून नऊ दिवस मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना. गावाकडे ती पहाटे, अंधार असतानाच, कारण शेतकऱ्याला पुढे शेतावर जायचं असतं. दुबईत शेत नाही, ड्यूटी आहे, म्हणून ती संध्याकाळी. ऊद मेथातल्या सेंट मेरी चर्चमध्ये मी एकदा आतेंबरोबर गेले होते. माणसं आत मावत नव्हती, अंगणात उभी होती. युनिफॉर्मवर जाकीट चढवून आलेल्या नर्स, सेल्सगर्ल, हॉटेलातली पोरं. नवव्या रात्रीपर्यंत एकही न चुकवता आलं तर मनातली इच्छा पुरी होते म्हणतात. ते जमण्यासाठी आते नोव्हेंबरपासूनच कोणाकोणाशी शिफ्ट बदलून ठेवतात.

२०२१ साली नेमक्या १६ डिसेंबरलाच ओडेट वादळ धडकलं. बोहोलची वीज गेली, मोबाइलचे टॉवर आडवे झाले. कित्येक दिवस आतेंना घरचा फोन लागेना. त्या रिसेप्शनवर बसून येणाऱ्याला गुड मॉर्निंग म्हणत होत्या आणि काउंटरच्या आडून तोच नंबर पुन्हा पुन्हा फिरवत होत्या. सगळे सुखरूप आहेत असा निरोप अखेर शेजारच्या गावाहून कोणीतरी दिला. छप्पर गेलं होतं. त्या नाताळचे सगळे पैसे पत्र्यांना गेले, आणि पुढच्या खोक्यात बॅटऱ्या आणि ताडपत्री गेली.

इथे २५ डिसेंबरला सुट्टी नसते. त्यांची २४ ची मध्यरात्र म्हणजे आमचे रात्रीचे आठ. तिकडे जेवणाच्या टेबलावर मधोमध फोन उभा करतात, लाल मेणातल्या गोल चीजच्या गड्ड्याला टेकवून. त्यामुळे आतेंना अर्धा वेळ हॅमचं ताट आणि लोकांच्या हनुवट्या दिसतात. मागच्या वर्षी भाचा कॅमेऱ्यासमोर नवे बूट धरून आला. घट्ट झाले होते. पेन्सिलीची रेघ जुलैची होती, पाय काही जुलैपाशी थांबला नव्हता. ‘धाकट्याला दे,’ आते म्हणाल्या, आणि नव्या कागदाची मागणी केली.

मग पार्टी. त्या खोलीत पंचवीसेक माणसं कशी मावतात हे खोक्याच्या शास्त्रावरून समजून घ्यावं. चिठ्ठ्या टाकून भेटवस्तू, कराओके, नूडल्सचं पान्सित, स्प्रिंग रोलसारखी लुंपिया. सुपरमार्केटच्या बिगर-मुस्लिमांच्या वेगळ्या कप्प्यातून आणलेला हॅम. माझ्यासाठी शाकाहारी पान्सित आवर्जून वेगळं करतात आणि त्यात ऑयस्टर सॉस, म्हणजे कालव्यांचा सॉस, घालतात. गोड स्पगेटी मात्र मला आजवर झेपलेली नाही. केचपमध्ये साखर, वर सॉसेजच्या चकत्या. प्रेमाने वाढतात, मी प्रेमाने बाजूला सारते.

नवीन वर्षाला ठिपक्याठिपक्यांचे कपडे, खिशात खुळखुळणारी नाणी आणि टेबलावर गोल फळं. गोल म्हणजे पैसा. बाराच्या ठोक्याला पोरं उड्या मारतात, उंची वाढावी म्हणून. फळं बारा की तेरा, यावर दर वर्षी वाद. बारा महिन्यांची बारा, असा एक पक्ष, आणि तेरावं शुभ मानणारा दुसरा. यंदा कराम्याच्या बाजारात मीही सोबत होते. मोसंबी आणि संत्रं ही दोन धरायची का, यावर फळवाल्यासमोर दहा मिनिटं खल झाला. आतेंनी निकाल दिला: दोन धरा. पेअर बाद, त्याला मान आहे. चिकू पास. तेराव्यासाठी मी सुचवलेला नारळ शेंडीमुळे बाद झाला.

सुट्टी संपल्यावर उरलेली टोपली ऑफिसच्या पँट्रीत आली. द्राक्षं पहिल्याच दिवशी संपली. कलिंगड कापायला कोणी तयार नव्हतं.