पॅरिसमध्ये भेटलेली देवगिरी

आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटक आठवतं, पायाने भाता मारत नांदीला सूर देणारे ऑर्गनवाले आठवतात. इथल्या चर्चमधला ऑर्गन म्हणजे भिंतभर नळ्या. खर्ज लागला की बसल्या बाकाची फळी थरथरते.

गेल्या रविवारी वादन संपल्यावर वादकांनी चार-पाच जणांना वर नेऊन वाद्य दाखवलं. समोर फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियांच्या १९५१ सालच्या ‘लिव्र दॉर्ग’ची वही उघडी होती. पहिल्याच रचनेत, स्वरलिपीच्या जोडीला छापलेलं: प्रतापशेखर, गजझंप, सारस. रोमन अक्षरांत, पण शब्द आपले! मी ते मोठ्याने वाचले आणि मग माझा आवाजच फुटेना.

हे शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तले देशी ताल. तेराव्या शतकात, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असताना त्याने असे १२० ताल नोंदवले. मेसियांनी ते फ्रेंच ज्ञानकोशात वाचले आणि नुसते शोभेला लावले नाहीत. दर आवर्तनाला प्रतापशेखर लांबत जातो, गजझंप आखडत जातो, सारस जागचा हलत नाही. नाटकातली तीन पात्रं वावरावीत तसे ते तिघे वावरतात.

राग आला तो हातातल्या कार्यक्रमपत्रिकेचा. बाखच्या पासाकालियाबद्दल अर्धं पान: नाच मूळचा स्पेनचा, रस्त्यावरून दरबारात कसा गेला, सगळं. आणि या तालांच्या वाट्याला दोन शब्द, ‘हिंदू लयी’. ना ग्रंथ, ना माणूस, ना गाव. अहो, देवगिरीला पत्ता आहे! मामाकडे औरंगाबादला गेलं की आम्ही दौलताबादचा किल्ला चढायचो, अंधारीत एकमेकांचे हात घट्ट धरून.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तरी गजझंप कोण वाजवतं? खरंय. पण आपले ताल थांबले नाहीत, बदलत पुढे गेले. त्याला विसरणं म्हणू नये. आणि शार्ङ्गदेवाचं घराणंही काश्मीरहून दक्षिणेत आलेलं. परक्या मुलुखात राहून आपलं काही जपता येतं, असं मला हल्ली फार वाटतं.

पत्रिकेच्या मागे मी पेनाने ‘देवगिरी, महाराष्ट्र’ लिहिलं, खाली रोमनमध्येही, आणि वादकांच्या हातात दिलं. त्यांनी ती घडी घालून वहीत ठेवली. मग गजझंपवर बोट ठेवून म्हणाले, “हे पुन्हा एकदा म्हणा, सावकाश.”