दुधातलं ऑक्सिटेट्रासायक्लिन पकडताना

सांगलीतल्या प्रयोगशाळेत दुधातली ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविकं तपासायची पद्धत बसवायचं काम माझ्याकडे आलं. एलसी-एमएस-एमएस मशीन, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र, दिमाखात उभं होतं, पण त्यात दूध थेट घालता येत नाही. आधी त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश काढावे लागतात, आणि सगळा जीव तिथेच जातो.

आधी हवं होतं कोरं दूध, म्हणजे औषधाचा अंशही नसलेलं. त्यात मोजून औषध घालायचं आणि किती परत हाती लागतं ते बघायचं; तीच रिकव्हरी. दगडी (कासेची सूज) झालेल्या जनावराच्या सडात ट्यूब सोडली की औषध दुधात उतरतं, म्हणून घरोघरी चौकशी केली. तासगावकडच्या एका मावशी म्हणाल्या, "म्हस आजारीच न्हाय पडली, तर सुई कशाला टोचू?" त्यांचंच दूध आणलं. मशीनवर तपासून खात्री केली, ते वेगळं.

नुसतं ॲसिटोनायट्राईल हे द्रावक घातलं की दूध झकास फाटतं, पण रिकव्हरी पार ढासळते. ऑक्सिटेट्रासायक्लिन ज्यात येतं त्या टेट्रासायक्लिन गटातली औषधं कॅल्शियमला घट्ट धरतात, आणि दुधात कॅल्शियमला काय तोटा! औषध साक्यासोबत तळाला जातं. उपाय जुनाच: सायट्रिक ॲसिड आणि फॉस्फेटचा, पीएच 4 चा मॅकिल्वेन बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), त्यात ईडीटीए. ईडीटीए कॅल्शियमला पकडतं, औषध सुटतं.

मग थंड सेंट्रिफ्यूज. म्हशीच्या दुधाची साय वर पांढऱ्या बुचासारखी घट्ट बसते. ती चमच्याने अलगद उचलायची. खालचं पाणी औषध धरून ठेवणाऱ्या पॉलिमरच्या कार्ट्रिजमधून थेंबाथेंबाने सोडायचं. इथे घाई केली की औषध न चिकटताच निघून जातं. धुऊन, मिथेनॉलने औषध उतरवून, नायट्रोजनच्या झोताखाली सुकवायचं. नळ्या प्लॅस्टिकच्या, कारण काचेला ही औषधं चिकटतात. उजेडही त्यांना मानवत नाही.

कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची, या औषधासाठीची मर्यादा लिटरमागे 100 मायक्रोग्रॅम आहे, त्यामुळे आकडे जुळल्यावर जरा हायसं वाटलं. लगेच वरिष्ठ मॅडम म्हणाल्या, "याच नमुन्यात पेनिसिलिनही बघून टाक." तिथे मर्यादा अवघी 4 मायक्रोग्रॅम, आणि पेनिसिलिन आम्लात टिकत नाही. पीएच 4 चा बफर त्याला चालणार नव्हता. त्याच्यासाठी नमुन्याचा वेगळा भाग घेऊन, आम्लाविना दुसरी वाट धरली.